दाताच्या डॉक्टरांनी मला पुढे पाठवलं

माझ्या डोक्यातली गाठ माझ्या दाताच्या डॉक्टरांनी शोधली. हे मी कुणालाही सांगितलं की आधी समोरचा हसतो, मग "काहीतरीच काय" म्हणतो, आणि मग हळूच स्वतःच्या जबड्यावरून हात फिरवतो. फिरवू दे. तेवढ्यासाठीच तर हे लिहायला बसले आहे.

मी भोपाळला आनंद नगरमध्ये राहते आणि शाळेत गणित शिकवते. गणिताच्या बाईंना असतो तेवढाच धीर मला आहे, म्हणजे फारसा नाही. आजारपणाबद्दल लिहिताना लोक हळवे होतात, ते मला जमणार नाही. पण या सगळ्या प्रकरणात मी जे पाहिलं त्यानं मी अजून थक्क आहे, आणि ते थक्क होणं काही ओसरायला तयार नाही.

घराण्याचं नाक

आमच्या माहेरी नाकाचा फार अभिमान. आजोबा, माझे वडील म्हणजे दादा, इंदूरची आत्या, सगळ्यांचं नाक रुंद आणि हनुवटी पुढे आलेली. मी एकटी आईवर गेले. बारीक नाक, आत गेलेली हनुवटी. आत्या माझ्या तोंडावर म्हणायची, "ही आपली वाटतच नाही." लहानपणी मला त्याचं फार वाईट वाटायचं.

पन्नाशी जवळ आली तसं माझं नाक रुंदावायला लागलं. हनुवटी पुढे आली, आवाज जाड झाला. इंदूरला एका लग्नात आत्यानं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं, हा तर दादाच," ती म्हणाली. "आलीस बाई एकदाची आपल्यात." सगळे गोळा झाले, फोटो काढले, आणि मीही लाजून उभी राहिले. आजार अंगात भरत होता आणि माझं माहेर त्याचं कौतुक करत होतं.

बाकीच्या खुणाही होत्या. चपला मोठ्या लागायला लागल्या, तर मी म्हटलं, उभं राहून शिकवून पाय पसरले. अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली, तर म्हटलं, वजन वाढलं. मी घोरायला लागले म्हणून माझा नवरा अरविंद दुसऱ्या खोलीत झोपायला लागला, तर म्हटलं, याचीच झोप सावध झाली आहे. अरविंद आणि मी एका कॉलेजात होतो, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. आत्याला ते अजून पसंत नाही. तो पिपलानीच्या कारखान्यातून मुदतीआधीच निवृत्त झालेला, गप्पिष्ट, कशाचीही थट्टा करणारा माणूस. माझ्या घोरण्यावर त्यानं सोसायटीतल्या सगळ्यांना किस्से सांगितले होते.

"ये मेरा काम नहीं है"

डॉक्टर फरहत यांचा दवाखाना पिपलानीत आहे. माझी एक दाढ काढलेली होती, तिथं ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांना धरून खोटी दाढ, बसवायचा होता. त्यासाठी त्यांनी आधी एकदा दातांचा साचा घेतला होता, पण मग परीक्षा आल्या, मुलगा नोकरीला पुण्याला गेला, आणि ते काम वर्षभर तसंच राहिलं. मी पुन्हा गेले तेव्हा त्यांनी जुना साचा काढून माझ्या दातांशी ताडून पाहिला आणि थांबल्या. मग नवा घेतला. दोन्ही साचे हातात धरून त्या खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या.

परत येऊन त्यांनी माझे हात बघायला मागितले. दाताच्या डॉक्टरांना माझ्या हातांशी काय करायचंय, असं मनात आलं, पण तोंडात कापूस होता. त्यांनी बोटं दाबून पाहिली. चपलांचा नंबर बदलला का, घाम फार येतो का, घोरता का, अंगठी निघते का. मी नुसती मान हलवत राहिले. यांना हे सगळं कुणी सांगितलं, असं वाटून मला घाबरायलाच झालं.

"आंटी, ब्रिज मैं नहीं बनाऊँगी," त्या म्हणाल्या. "आपके दाँतों के बीच जगह बन रही है, जबड़ा बढ़ रहा है. इस उम्र में बढ़ना नहीं चाहिए. वजह दाँतों में नहीं है. ये मेरा काम नहीं है. जिनका है, उनके पास भेज रही हूँ."

आणि त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. अरेरा कॉलोनीत डॉक्टर दुबे आहेत, हार्मोनचे डॉक्टर. "सर, मेरी अपनी पेशंट हैं, मॅथ्स पढ़ाती हैं. इसी हफ़्ते देख लीजिए." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, टाळू नका.

घरी आल्यावर अरविंद म्हणाला, "बघ, लावलं की नाही चकरा मारायला? दातवाली हार्मोनवाल्याकडे पाठवणार, हार्मोनवाला मशीनवाल्याकडे. सगळ्यांचं आपसात बांधलेलं असतं." आपल्याकडे डॉक्टरनं पुढे पाठवलं की पहिला विचार हाच येतो. दुसरा विचार येतो तो आपल्या ओळखीतला कोण आहे याचा. त्याच्या चुलतभावाचा फोन आलाच, "नागपूरला माझ्या मित्राचा साडू आहे, त्याला दाखवा." तो साडू कशाचा डॉक्टर आहे, हे त्यालाही माहीत नव्हतं.

"अरे, डॉक्टर फरहतना ब्रिज बसवून मोकळं होता आलं असतं," मी म्हटलं. "हातात आलेलं काम सोडून कोण दुसऱ्याकडे पाठवतं?"

 दुसऱ्या दिवशी त्यानंच डॉक्टर दुबेंकडे वेळ घेतली.

लग्नापासूनचे फोटो

डॉक्टर दुबेंच्या दवाखान्यातून निरोप आला की जुने फोटो घेऊन या, लग्नापासून आत्तापर्यंतचे. अरविंद म्हणाला, "आता काय, पुन्हा स्थळ बघायचंय?" आम्ही पिशवीत अल्बम कोंबले आणि स्कूटरवरून निघालो. वाटेत मला वाटत होतं, या डॉक्टरांचं डोकं ठिकाणावर आहे ना.

डॉक्टर दुबे बोलायला अगदी संथ. त्यांनी टेबलावरचं सगळं बाजूला सारलं आणि माझे फोटो ओळीनं मांडले. लग्नातला, मुलाच्या बारशातला, शाळेच्या गॅदरिंगचा, एक संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा, आणि शेवटी आत्यानं चेहरा धरलेला तो. मग पेन्सिलीचं टोक ते एकेका फोटोवरून नेत गेले. 

एकेक फोटो सुटा पाहिला तर त्यात काहीच नव्हतं. ओळीनं पाहिले तेव्हा सगळं दिसलं. भुवयांची हाडं पुढे येत गेली होती, ओठ जाड होत गेले होते, जबडा खाली उतरत गेला होता. शेवटच्या फोटोतली बाई पहिल्या फोटोतल्या मुलीची कुणीच लागत नव्हती. आणि आम्ही दोघं रोज आरशात आणि ताटावर हाच चेहरा बघत होतो.

"पण मी तर हिला रोज बघतो," अरविंद मराठीतच म्हणाला.

डॉक्टरांना ते कळलं. "रोज देखते हैं, इसीलिए नहीं दिखा," ते म्हणाले. "डॉक्टर फरहत ने दो बार देखा, बीच में साल भर छोड़कर. इसलिए उनको दिखा."

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या खाली, दोन डोळ्यांच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्युटरी. अंगाची वाढ तिच्या हुकमानं होते. माझ्या त्या ग्रंथीवर गाठ झालेली असावी, आणि ती गाठ वाढीचा हुकूम सोडतच राहिली आहे. मी मुलांना शिकवत होते, घरी डबे भरत होते, आणि आत तो वाटाणा मला पुन्हा घडवत बसला होता. भीती वाटायच्या आधी मला नवलच वाटलं. एवढासा तो, आणि केवढं त्याचं राज्य.

रक्त तपासलं, ग्लुकोजचं पाणी पाजून पुन्हा पुन्हा तपासलं, मग डोक्याचा एमआरआय झाला. गाठ होती. कॅन्सरची नव्हती, पण बरीच वाढलेली होती. हे सांगून झाल्यावर डॉक्टर दुबेंनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर डॉक्टर फरहतना फोन. "आपने सही पकड़ा," ते म्हणाले. मी बघतच राहिले, तर मला म्हणाले, "जिसने भेजा है, उसको बताना पड़ता है."

इंदूरला फोन करायचं काम माझ्यावर आलं. आत्या सगळं ऐकून घेत होती आणि मग एकदम फणकारली. "म्हणजे आमच्या दादाचं नाक हा रोग म्हणायचा?"

"आत्या, दादांचं नाक हे नाकच होतं. माझं नाक हा रोग आहे."

तिनं फोन ठेवून दिला. पुढे कितीतरी दिवस अबोला. मग एकदा तिचाच फोन आला. "तुझं जुनं नाक परत येईल का गं?" मी म्हटलं, थोडंफार उतरेल, पूर्ण नाही येत म्हणतात. "बरं झालं," ती म्हणाली, आणि मग लहान मुलीसारखी रडायला लागली. मीही रडले. तिला दादा पाहिजे होता, आणि मीही पाहिजे होते.

दिवे

गाठीच्या वरूनच डोळ्यांच्या नसा जातात, म्हणून डॉक्टर दुबेंनी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी म्हटलं, माझे डोळे उत्तम आहेत, फळ्यावरचं शेवटच्या बाकावरून वाचते. ते म्हणाले, फिर भी.

तिथं एका पांढऱ्या घुमटासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवतात. समोरच्या एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि इकडेतिकडे बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाकला, खोलीत अंधार केला. सुरुवातीला मधेमधे दिवे दिसले, मी भराभर बटण दाबलं. मग दिसेनात. मी वाट पाहिली. मशीनचा आवाज तर येत होता. शेवटी मशीन चालवणाऱ्या मुलीला म्हटलं, "तुमचा दिवा बंद पडलाय."

ती म्हणाली, "नहीं मॅडम, चल रहा है. लगातार चल रहा है."

मी बटणावरचं बोट काढलं. मला वाटायचं, दिसेनासं झालं की काळोख दिसतो. तसं नसतं. दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूचं जग गेलेलं होतं, आणि तिथं काळं काहीच नव्हतं. तिथं काही नव्हतं, आणि नाही हे मला कळतही नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. दाराच्या चौकटीला लागणारे खांदे. फाटकाला घासलेली स्कूटर. आणि वर्गात भिंतीकडेच्या रांगांतली पोरं, जी हात वर करून करून दमली होती आणि मग माझ्या तासाला निवांत गप्पा मारायला लागली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो कागद पाहिला आणि स्पष्ट सांगितलं की यात माझ्याकडे करण्यासारखं काही नाही. चष्मा नाही, औषध नाही. नस दाबली जातेय, ती मोकळी व्हायला पाहिजे, आणि ती लवकर व्हायला पाहिजे. उशीर झाला तर उरलेलंही जाईल. त्यांनी स्वतः डॉक्टर दुबेंना फोन केला. पुन्हा तेच, माझं नाही, ज्याचं आहे त्याला सांगतो.

नाकातून

आता घरात भांडणं सुरू झाली. मुलगा पुण्याहून रोज फोन करायचा, "आई, इथं ये, इथं मोठी हॉस्पिटलं आहेत." अरविंद म्हणायचा, इथं माणसं ओळखीची आहेत. मुलगा म्हणायचा, ओळखीवर ऑपरेशन होत नसतं. एकदा तर फोन स्पीकरवर ठेवून दोघं इतके तापले की मी उठून कुकर लावायला गेले. डोकं माझं, आणि ते कुठं उघडायचं हे ठरवत होते दुसरेच.

शेवटी आम्ही तो प्रश्न डॉक्टर दुबेंपुढेच टाकला. मला वाटलं, त्यांना राग येईल. ते म्हणाले, पुण्याला जायचं तर जा, तिथंही मी फोन करीन. फक्त एक बघा, जो सर्जन ही गाठ नेहमी काढतो त्याच्याकडेच जा, आणि सोबत नाकाचा डॉक्टर असतो का विचारा. असे एक जण इथं शहरातच आहेत, एकदा भेटा आणि मग ठरवा.

आम्ही भेटलो. सर्जन तरुण होते, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी सांगितलं की डोकं उघडायचंच नाही. नाकपुडीतून कॅमेरा घालून, मागचं पातळ हाड बाजूला करून, तिथून गाठ काढायची. नाकाचे डॉक्टर वाट करून देतात आणि कॅमेरा धरतात, मग हे आत काम करतात. दोघं एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून. मी आ वासून ऐकत होते.

"और आँखें?" मी विचारलं.

त्यांनी आव आणला नाही. "नस को छुड़ा दूँगा," ते म्हणाले. "वो कितना लौटाएगी, ये मेरे हाथ में नहीं है. आ भी सकता है, नहीं भी."

तिथून बाहेर पडल्यावर मी अरविंदला म्हटलं, यांच्याकडेच करायचं. जो माणूस "माझ्या हातात नाही" असं तोंडावर सांगतो, त्याच्या हातात डोकं द्यायला मला भीती वाटत नाही. मुलगा रजा काढून आला आणि आल्यावर एकदाही पुण्याचं नाव काढलं नाही.

भरती झाल्यावर माणसाचं स्वतःचं असं काही उरत नाही. कपडे त्यांचे, वेळा त्यांच्या, लघवीसुद्धा मोजून घ्यायची त्यांनी. ऑपरेशनच्या सकाळी एक सिस्टर माझी वेणी घालायला आली. मी म्हटलं, नाकातून करणार आहेत ना, केसांचं काय. ती म्हणाली, "अच्छा लगेगा आपको." खरंच बरं वाटलं. इतक्या तपासण्यांमध्ये कुणी मला नुसतं बरं वाटावं म्हणून हात लावलाच नव्हता.

आत नेताना अरविंद म्हणाला, "घोरू नकोस, डॉक्टर घाबरतील." मी हसत हसत आत गेले.

ज्यांना पुढे पाठवलंय त्यांच्यासाठी

ऑपरेशन नीट झालं. आता गोळ्या आहेत, अधूनमधून रक्ततपासणी आहे, आणि डॉक्टर दुबे आहेत. बोटं उतरली, आवाज तेवढा नाही उतरला. ब्रिज डॉक्टर फरहतनीच बसवला, जबडा थांबलाय याची खात्री झाल्यावर.

तुम्हाला डॉक्टरांनी दुसरीकडे जायला सांगितलं असेल, तर चिडू नका. का पाठवताय, हे विचारा. कुणाकडे आणि किती लवकर, हेही विचारा. शंका आली तर दुसरं मत जरूर घ्या, पण मित्राच्या साडूचं नको. आणि ज्यांनी पहिल्यांदा पाठवलं त्यांना पुढे काय झालं ते सांगायला जा. मी मिठाई घेऊन गेले तर डॉक्टर फरहत दोन रुग्ण थांबवून माझा चेहरा बघत बसल्या.

हुशार डॉक्टर म्हणजे ज्याला सगळं येतं तो, असं मला आयुष्यभर वाटत होतं. आता मला त्या लोकांचं जास्त नवल वाटतं, ज्यांना आपलं कुठं संपतं ते ठाऊक असतं, आणि तिथून पुढे कुणाचं सुरू होतं तेही. एकानं मला दुसऱ्याच्या हातात दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, आणि मधे कुणीही मला खाली ठेवलं नाही. ती माणसं एकमेकांना वर्षातून एकदा तरी भेटत असतील का, कोण जाणे. मी त्यांच्यापुढे हात जोडते, आणि मी सहसा कुणापुढे हात जोडत नाही.

ती सकाळ

एक सांगायचं राहिलं.

ऑपरेशननंतर नाक गच्च बंद केलेलं होतं. तोंडानं श्वास, डोकं उंच, मान वळवायची नाही, शिंकायचं नाही, वाकायचं नाही. सकाळी भेटायची वेळ सुरू व्हायच्या आधी सर्जन आले. माझ्या नाकासमोर एक पेन धरलं आणि म्हणाले, इकडेच बघा. मग दोन्ही हात माझ्या कानांच्या दिशेला नेले. "उँगलियाँ कितनी हैं?"

"इधर दो," मी म्हटलं. "उधर एक."

त्यांनी पुन्हा बोटं बदलली, मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जसा मी माझ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर ठेवते, आणि ते गेले. मी छताकडे बघत पडले होते आणि खिडकी मला दिसत होती. तिकडे न बघता दिसत होती. पडद्याची हालणारी कड, सलाईनचा स्टँड, दार, दारातून जाणारी माणसं, सगळं आपापल्या जागी न बोलावता येऊन उभं राहिलं होतं. एवढं मोठं जग मी पूर्वी रोज बघत होते आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

मग अरविंद आला. त्याला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. माझे डोळे छताकडे होते. त्याला वाटलं, मी गुंगीत आहे. त्यानं स्टूल ओढलं आणि पलंगाच्या उजवीकडे, अगदी माझ्या कानाच्या रेषेत ठेवलं, आणि बसला. आणि बसल्याबरोबर रडायला लागला. आवाज नाही, काही नाही. मनगट दातांत धरून, खांदे हलवत. ते रडणं नवीन नव्हतं, हे मला लगेच कळलं. माणूस पहिल्यांदा रडतो तेव्हा गडबडतो. हा सरावानं रडत होता.

त्या दिव्यांच्या मशीनपासून तो प्रत्येक दवाखान्यात, रिक्षात, घरी सोफ्यावर माझ्या कडेलाच बसत होता. मला वाटायचं, आधाराला बसतो. मला तिकडचं दिसत नव्हतं, म्हणून तो तिथं बसत होता.

मी मान वळवली नाही. त्याचं होऊ दिलं. त्यानं तोंड पुसलं, घसा खाकरला, उठून पलंगाच्या पायथ्याशी माझ्यासमोर आला आणि रोजच्यासारखा हसला. "काय मॅडम, वॉर्डातल्या लोकांना झोपू दिलंस की नाही?"

"बाही ओली झालीय तुझी," मी म्हटलं. "उजवी. तेवढी दुमडून घे."

त्यानं बाहीकडे पाहिलं. मग त्या स्टुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. स्टूल ओढून आणायचं त्याला सुचलंच नाही. तो तिथंच पलंगाच्या कडेवर टेकला, आणि या वेळी माझ्यासमोर बसून रडला.